चोर नवरा-बायको आणि १९३४ चा निर्णय

व्हेनिसच्या हॉटेलात दोघं जेवायला बसलेत. तो खोटा सरदार, तीही खोटी उमरावीण. तो तिचा ब्रोच तिच्या हातात ठेवतो. कधी काढला, तिला कळलेलंच नसतं. मग ती त्याचं घड्याळ परत देते आणि सांगते, पाच मिनिटं मागे होतं, मी बरोबर लावलंय. चोरावर मोर भेटतो आणि दोघं तिथंच प्रेमात पडतात. १९३२ च्या ‘ट्रबल इन पॅराडाइज’मधला हा प्रसंग. चोर जोडप्याच्या विनोदी प्रेमकथांचं मूळ शोधताना मी दरवेळी इथंच येऊन थांबतो. या दोघांचं लग्न झालेलं नाही, पण मत्सर, रुसवेफुगवे, पैशांची ओढाताण सगळं संसारातलं आहे. आणि शेवटी ती टॅक्सीतून निसटतात, शिक्षा न होता.

दोनच वर्षांत हे अशक्य झालं. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी स्वतःसाठी नियमावली केली होती १९३० साली, पण ती पाळत कोण होतं? जुलै १९३४ पासून नियम पाळल्याच्या प्रमाणपत्राची सक्ती आली. ते नसताना चित्रपट दाखवणाऱ्या, निर्मात्यांच्या संघटनेच्या सभासदाला पंचवीस हजार डॉलर दंड. १९३५ मध्ये व्हेनिसच्या त्या जोडीला पुन्हा पडद्यावर यायची परवानगी मिळाली नाही.

चोर नवरा-बायकोंची खरी कोंडी या नियमांनीच केली. विवाहसंस्थेचं पावित्र्य जपा, हा एक नियम. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याकडे वळू देऊ नका, हा दुसरा. म्हणजे संसार टिकायला हवा आणि तो करणारी माणसं मात्र आवडता कामा नयेत! त्यात चोरीची रीत तपशिलानं दाखवायची नाही. तिजोरी कशी उघडली हे बघण्यातच तर अशा चित्रपटाची निम्मी मजा असते. बंधनांमुळे संवादांना धार आली, असं या निर्णयाचे समर्थक सांगतात. धार आली, हे खरं. पण ती पुनर्विवाहाच्या विनोदी चित्रपटांना. घटस्फोट घेतलेली जोडपी भांडत भांडत पुन्हा एकत्र येऊ लागली. चोर जोडप्याच्या वाट्याला पश्चात्ताप किंवा तुरुंग, एवढंच उरलं. माझ्या मते हे नुकसान मोठं होतं.

१९६८ मध्ये ही नियमावली गेली आणि वयानुसार वर्गवारी आली. मग १९७७ च्या एका चित्रपटात नोकरी गेलेला अभियंता आणि त्याची बायको घराचे हप्ते भरायला दरोडे घालू लागले. २००५ मध्ये त्याचा नवा अवतार आला. त्याच वर्षी ‘बंटी और बबली’मधल्या ठगांनी लुबाडता लुबाडता लग्न केलं. त्याआधी, २००१ च्या ‘ओशन्स इलेव्हन’ चित्रपटातल्या लास व्हेगासच्या कसिनो-लुटीत नायकाला रोकड हवी होती आणि सोडून गेलेली बायकोही. पुनर्विवाहाची ती जुनी गोष्ट अशी चोरांच्या टोळीत परत आली.