वेशी गेल्या, तळी बुजली: जुन्या कोल्हापुरात पायी फिरण्याआधी

जुन्या कोल्हापुरात नवखा पाहुणा गोंधळतो तो नावांमुळे. गंगावेशीत वेस दिसत नाही, कपिलतीर्थात भाजी मंडई भरते आणि वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, तरी पावसाळा लागला की तिथे पुन्हा तळे साचते. तट पाडला, तळी बुजवली. रस्ते मात्र त्यांच्याच कडेने वळत राहिले. म्हणून इथे मोबाइलवरच्या नकाशापेक्षा आधी कुठे काय होते, ही माहिती जास्त कामी येते.

मुळात हे एक शहर नव्हतेच. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर या वस्त्या वाढत वाढत एकमेकींना भिडल्या. जुने अवशेष मिळाले ते पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात. डेक्कन कॉलेजतर्फे सांकळिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. रोमन बनावटीची पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती याच टेकाडातली. आज टेकाडावर जाऊन हाती फारसे काही लागत नाही. तिथल्या वस्तू टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात पाहाव्यात. सोमवारी मात्र तिकडे फिरकू नये, संग्रहालय बंद असते.

चालायला सुरुवात पंचगंगा घाटावरून करावी. घाट, गंगावेश, पापाची तिकटी (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा), महाद्वार रोड, बिनखांबी गणेश मंदिर, मिरजकर तिकटी, खासबाग. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीचा हा परंपरेचा मार्ग, फक्त उलट्या दिशेने. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, पण थांबत थांबत गेल्यास सकाळ सहज निघून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारावी: ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. घाट त्याच्या कितीतरी आधीच पाण्याखाली जातो. गंगावेशीतला दूध कट्टा हवा असेल, तर सकाळची वेळ सोडून संध्याकाळी यावे. तिथे म्हशी समोर उभ्या करून धार काढून देतात.

अंबाबाईच्या मंदिराचा मुख्य दरवाजा पश्चिमेला, कारण मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. मंदिराचा जुना भाग चालुक्यकाळातला मानतात, पुढे शिलाहारांनी भर घातली. धामधुमीच्या काळात लपवून ठेवलेली मूर्ती १७१५ मध्ये पुन्हा गाभाऱ्यात बसवली गेली. किरणोत्सवाचे सगळे गणित या पश्चिम दिशेवर उभे आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून गरुड मंडपात आणि तिथून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. हे ठरल्याप्रमाणे होतेच असे नाही. क्षितिजावर ढग किंवा धुरकट हवा असली, किंवा वाटेत एखादा वाढीव मजला आला, की किरणे गुडघ्यापाशी किंवा कमरेपाशी थबकतात. महाद्वार रोडवरच्या अतिक्रमणांचा वाद त्यामुळे इथे थेट देवीपर्यंत पोचतो. नुसते मंदिराचे बांधकाम निवांत पाहायचे असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळावे.

देऊळ जुने असले तरी राजधानी तुलनेने अलीकडची. करवीर राज्याची, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींची, गादी आधी पन्हाळ्यावर होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती खाली कोल्हापुरात आली. मंदिरालगतचा जुना राजवाडा, भवानी मंडप आणि काळ्या दगडाचा नगारखाना हे मराठा राजधानीचे केंद्र. भोवती तट होता आणि त्याला सहा वेशी: गंगा, रंकाळा, वरुणतीर्थ, आदितवार, मंगळवार, शनिवार. त्या तटाचा तुकडा अजून पाहायचा असेल तर भवानी मंडपातून पूर्वेला बिंदू चौकात जावे. सबजेलची उंच दगडी भिंत पाहुण्यांना तुरुंगाची वाटते. ती जुन्या तटबंदीचा भाग आहे. गाडी घेऊन आलेल्यांसाठी वाहनतळही इथेच. चौकातले महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत बसवले गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर तटाबाहेर पडले. चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर १८७२ ते १८७६ मध्ये टाउन हॉल झाला, पाठोपाठ आजच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयाची इमारत. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिकडे गेला. तटाच्या आतल्या पेठांना उरल्या त्या तालमी. आजही कोल्हापूरच्या फुटबॉल संघांच्या नावात ‘तालीम’ का असते, हे पेठेतल्या कुठल्याही कट्ट्यावर कळेल.

खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. रोममधले आखाडे पाहून आलेल्या महाराजांची ही कल्पना: मध्ये खोलात हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही पकड दिसते. शेजारचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, पूर्वीचे पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत खाक झाले आणि खासबागेच्या बाजूलाही झळ बसली. पुनर्बांधणीमुळे आत सोडतील की नाही याचा भरवसा नाही. तिथल्या रखवालदाराला विचारूनच पुढे जावे.