डोंगरामागची लाट सिम्युलेटरमध्ये का सापडत नाही?

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. वारा ज्या उतारावर आदळतो तिथे विमान झकास वर चढतं, पण डोंगर ओलांडला की पलीकडे हवा एकदम निर्जीव होते. थोडं खाली खेचलं जातं आणि मग काहीच नाही. खऱ्या आकाशात मात्र ग्लायडरचे उंचीचे जवळजवळ सगळे मोठे विक्रम त्या पलीकडच्या बाजूलाच, डोंगरामागे उठणाऱ्या हवेच्या लाटेत, झाले आहेत. हा फरक समजून घ्यायचा तर जरा मागे जावं लागतं.

मार्च १९३३ मध्ये रीझेनगेबिर्गे पर्वतरांगेजवळच्या ग्रुनाऊ इथे (तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये) वोल्फ हिर्थ आणि हान्स डॉइचमान या दोघा ग्लायडर वैमानिकांना डोंगराच्या मागच्या बाजूला, जिथे हवा खाली यायला हवी तिथे, संथ आणि भक्कम उचल मिळाली. त्या भागात वारा सुटला की डोंगरामागे एक लांबट ढग जागच्या जागी थांबून राहतो, हे गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्याला ते मोआझागोट्ल म्हणत. योआखिम क्युटनर या तरुणाने त्या ढगाचा पिच्छा पुरवला. १९३७ मध्ये त्याने ग्रुनाऊच्या स्पर्धेतल्या ग्लायडरांवरच्या उंचीमापकांच्या नोंदी जमवून लाटेचा आकार मांडला, आणि स्वतः उघड्या कॉकपिटमधून सुमारे ६,८०० मीटरपर्यंत गेला.

ही लाट होते कशी? ओढ्यात बुडालेल्या दगडामागे पाणी जागच्या जागी वरखाली होत राहतं, तसंच हवेचं. हवा स्थिर असेल, म्हणजे वर ढकललेला थर भोवतालपेक्षा थंड पडून परत खाली येऊ पाहत असेल, तर डोंगराने उचललेला वारा पलीकडे खालीवर हेलकावे घेत जातो. एका हेलकाव्याला साधारण दहा मिनिटं लागतात. वारा सेकंदाला २० मीटर असेल तर तेवढ्या वेळात तो १२ किलोमीटर पुढे जातो. म्हणून लाटेचे उंचवटे साधारण १२-१२ किलोमीटरवर येतात, आणि वारा त्यांच्यातून वाहत असला तरी ते स्वतः हलत नाहीत. १९४९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. एस. स्कोरर यांनी यावर आणखी एक अट बसवली. हवेची स्थिरता आणि वाऱ्याचा वेग उंचीनुसार कसे बदलतात, यावर लाट खालच्या थरांत अडकून दूरवर पसरणार की वर निसटून जाणार, हे ठरतं.

सिम्युलेटरचं सगळं घोडं इथेच अडलं आहे. उतारावरची उचल काढायला विमानाखालच्या जमिनीचा उतार आणि वारा, एवढं पुरतं. लाटेसाठी दहा-वीस किलोमीटर मागचा डोंगर लागतो, आणि जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंतचं तापमान आणि वारा लागतो. विमानाखालच्या जमिनीकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी तिथे लाट दिसत नाही.

लाटेचं रौद्र रूप कळलं ते कॅलिफोर्नियात. १९५१-५२ मध्ये बिशप गावाजवळ, ओवेन्स खोऱ्यात, सिएरा वेव्ह प्रोजेक्ट हा लाटांच्या अभ्यासाचा प्रकल्प चालला. क्युटनर तिथेही होता. १९ मार्च १९५२ रोजी लॅरी एडगर आणि हॅरोल्ड क्लीफोर्थ दोन आसनी प्रॅट-रीड ग्लायडरमधून १३,४८९ मीटरवर पोचले. पुढे १९५५ च्या मोहिमेत एडगरचा ग्लायडर लाटेखालच्या रोटरमध्ये सापडून हवेतच तुटला. तो पॅराशूटने वाचला. रोटर म्हणजे लाटेच्या उंचवट्याखाली गरगरणारी हवा. वर लोण्यासारखी गुळगुळीत उचल आणि तिच्या पोटात हा राक्षस, असा हा जोडीचा मामला आहे. ५ मार्च १९६६ रोजी फुजी पर्वताच्या वाऱ्याआडच्या बाजूला बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं बोइंग ७०७ प्रवासी विमान याच प्रकारच्या हवेत मोडून पडलं आणि १२४ जण गेले. शोधासाठी गेलेल्या अमेरिकन नौदलाच्या स्कायहॉक या लढाऊ विमानालाही तिथे इतके धक्के बसले, की त्याच्या मापकावर एका बाजूला ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) आणि दुसऱ्या बाजूला उणे ४ जी नोंदले गेले.

आता सिम्युलेटरकडे येऊ. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ चा. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत श्वाइझर ग्लायडर आला, पण तो उडवायचा म्हणजे मुख्यतः हळूहळू खाली यायचं. २००६ च्या एफएसएक्समध्ये (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) डीजी-८०८एस हा देखणा ग्लायडर आला, थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत, आले, ते दिसावेत म्हणून पडद्यावर खुणाही आल्या. बाकीची उणीव हौशी प्रोग्रामरांनी भरली. त्यांची युक्ती मला अजूनही आवडते: विमानाच्या पुढे, वारा येतो त्या दिशेला, अदृश्य वस्तू टाकायच्या, त्यांच्याकडून जमिनीची उंची विचारून घ्यायची आणि आलेल्या उतारावरून विमानाला वर किंवा खाली ढकलायचं. रिज लिफ्टसाठी, म्हणजे उतारावरच्या उचलीसाठी, हे बेष्ट. पण जमिनीच्या उंचीवरून हवेच्या थरांचा पत्ता लागत नाही, आणि थरांशिवाय लाट नाही.

सोअरिंगलाच, म्हणजे वर चढणाऱ्या हवेवर ग्लायडर उडवण्यालाच, वाहिलेला सिम्युलेटर मोठ्या कंपनीकडून आला नाही. तो आला स्लोव्हेनियातून, २००५ मध्ये: कॉन्डोर. थर्मल, रिज आणि वेव्ह (म्हणजे लाट) तिन्ही त्यात होते. स्पर्धा मांडणारा माणूस हवामान स्वतः ठरवतो, लाट हवी तर तीही सेट करतो. ही हवा बेतलेली असते, कुठल्याही खऱ्या दिवसाची नसते. तरी खरे ग्लायडर वैमानिक हिवाळ्यात त्यावर सराव करतात, यातच त्याचं मोल आलं.

मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर १८ ऑगस्ट २०२० रोजी नव्या रूपात आला तेव्हा त्यात ग्लायडर नव्हताच. पण हवा मात्र डोंगरावरून वळणारी, उतारावर चढणारी होती, आणि हवामान बासेलच्या मेटिओब्लू कंपनीकडून थेट येत होतं. नोव्हेंबर २०२२ च्या चाळीसाव्या वर्धापनदिनाच्या आवृत्तीत डीजी-१००१ई आणि एलएस८ हे ग्लायडर आले. त्याच सुमारास लहान विमानं उडवणारे लोक ओरडायला लागले, की फार हेलकावे बसतात, आणि शेवटी टर्ब्युलन्स, म्हणजे हवेचे धक्के, कमी करायची सोय द्यावी लागली. ज्यांना उकाड्यातल्या थर्मलचे गचके सोसत नाहीत त्यांच्यासमोर खराखुरा रोटर ठेवला तर काय होईल, याची कल्पना करून पाहा.

‘लाइव्ह वेदर आहे, मग लाट का नाही?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या जीएफएस या जागतिक हवामान-अंदाजाच्या मॉडेलचे आकडे ज्या जाळ्यावर मिळतात, त्याचा एक चौकोन साधारण २८ किलोमीटरचा असतो. त्यात १२ किलोमीटरची लाट दिसणार कुठून? आपलाच घाट घ्या. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरमध्ये सुमारे अर्धा किलोमीटरची चढण आहे. एवढा उभा कडा एका चौकोनाच्या सरासरीत विरून जातो. सह्याद्रीमागे लाटा उठतात हे मात्र जुनं ज्ञान आहे. हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी १९६० च्या दशकातच पश्चिम घाटावरच्या या लाटांचं गणित मांडून, त्यातून घाटातल्या पावसाचा हिशेब काढला होता.

म्हणजे सिम्युलेटरला लाट आयती मिळणार नाही, ती काढावी लागेल. डोंगराच्या अलीकडचं तापमान आणि वारा उंचीनुसार घ्यायचा, जमिनीचा नकाशा तर हाताशी आहेच, आणि स्कोररच्या समीकरणाचं सोपं रूप सोडवायचं. ग्लायडिंगसाठी अंदाज देणाऱ्या सेवा बारीक जाळ्याची मॉडेलं चालवून लाटेचे नकाशे रोज देतातच, आणि आजच्या गेमिंग कॉम्प्युटरला एका डोंगररांगेपुरतं सोपं गणित जड नाही. अडचण मला वाटतं गिऱ्हाइकाची आहे. एअरबस उडवणारे हजारो, ग्लायडरवाले मूठभर, आणि दुरुस्त्यांच्या यादीत या मूठभरांचा नंबर कायम खालचा.