न्यू जर्सी राज्य महामार्ग ९०

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील एक आखूड द्रुतगती मार्ग. लांबी सुमारे ५ किमी. डेलावेअर नदीवरील बेट्सी रॉस पुलापासून निघून पेनसॉकनमधून तो सिनामिन्सन येथे राज्य महामार्ग ७३ ला मिळतो. वाटेत राष्ट्रीय मार्ग १३० लागतो. पुलापलीकडे पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया शहर आहे.

या रस्त्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या पुलाचाच इतिहास. फिलाडेल्फियाच्या ईशान्य भागातून नदी ओलांडायला १९२९ पासून टॅकनी-पामायरा पूल होता; पण त्याचा मधला भाग मोठ्या जहाजांसाठी उचलावा लागतो आणि तोवर वाहने खोळंबतात. त्यामुळे जहाजे खालून जातील असा उंच पूल पेनसॉकनमधील डेलेअर येथे, १८९६ च्या रेल्वेपुलाला लागून बांधायचे ठरले. दोन्ही राज्यांच्या डेलावेअर नदी बंदर प्राधिकरणाने १९६९ मध्ये काम सुरू केले आणि ३० एप्रिल १९७६ रोजी पूल खुला झाला. पोलादी कैचीच्या (त्रिकोणी सांगाड्याच्या) या पुलाची एकूण लांबी सुमारे ८,५०० फूट, तर मुख्य गाळा, म्हणजे दोन खांबांमधला सर्वांत लांब भाग, ७२९ फुटांचा आहे.

योजनेतले नाव 'डेलेअर पूल' होते. मात्र १९७६ हे अमेरिकी स्वातंत्र्याचे द्विशताब्दी वर्ष, म्हणून फिलाडेल्फियाच्या शिवणकाम करणाऱ्या बेट्सी रॉसचे नाव देण्यात आले. पहिला राष्ट्रध्वज तिने शिवला ही कथा तिच्या नातवाने १८७० मध्ये लोकांपुढे मांडली. या कथेला समकालीन पुरावा मिळालेला नाही. तरीही एका कारागीर स्त्रीचे नाव एवढ्या मोठ्या पुलाला लाभले, ही नोंद महत्त्वाचीच. वाहनांसाठीच्या अमेरिकेतील मोठ्या पुलांत स्त्रीचे नाव मिळालेला हा पहिला मानला जातो.

मार्ग इतका आखूड राहिला तो मूळ बेत अर्धवट सुटल्यामुळे. न्यू जर्सीत तो आणखी पूर्वेकडे न्यायचा होता, ते झाले नाही. पलीकडे पुलाला फिलाडेल्फियातील रूझवेल्ट बुलेव्हार्ड या मोठ्या रस्त्याशी जोडणारा पुलास्की द्रुतगती मार्गही रद्द झाला. त्याच्यासाठी आंतरराज्य मार्ग ९५ जवळ जोडरस्त्यांची टोके मात्र आधीच बांधून झाली होती. ती पुढे कुठेच गेली नाहीत. पुलास्की मार्गालाही ९० हाच क्रमांक ठरला होता, म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर एकच सलग रस्ता अपेक्षित होता.

पथकर १९९२ पासून फक्त फिलाडेल्फियाकडे जाणाऱ्या वाहनांकडून घेतला जातो.