आयकाक येता, पण कळना नाय

मालवणी मुलखात वय झालेल्या माणसाला ऐकण्याबद्दल विचारलं, तर तक्रार बहुतेक वेळा अशी येते: "माका आयकाक येता, पण काय ता कळना नाय." घरच्यांना हे सोंग वाटतं. जमिनीच्या वाटणीचं बोललं की बरं ऐकू येतं, गोळी घ्या म्हटलं की येत नाही, अशी टिंगल होते. कानाच्या डॉक्टरला मात्र या वाक्यात अर्धं निदान सापडतं.

बोलताना अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस निघतात. स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि क्षीण. कुणीतरी बोलतंय हे स्वरांवरून कळतं, काय बोलतंय ते बरंचसं व्यंजनांवरून. वयानं किंवा गोंगाटानं कान जातो तो आधी वरच्या पट्टीत. मग मासळीबाजारात पापलेटचा भाव सातशे सांगितला की आठशे, हे नक्की कळेनासं होतं. बायका-मुलांचे आवाज पुरुषांच्या आधी अस्पष्ट होतात. आजोबांना मुलाचं बोलणं कळतं आणि सुनेचं कळत नाही, त्यात रुसव्याफुगव्याचा भाग फार कमी असतो.

बहिरेपणा म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कानात काय घालू?" त्याआधी विचारायला हवं, बिघाड कुठं आहे? उपचार सगळा त्या उत्तरावर ठरतो, आणि चुकीच्या जागी केलेला उपाय कधी वाया जातो, कधी उलटतो.

आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आपटतो. पडद्यामागच्या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात. रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. हवेतून आलेला आवाज द्रवात थेट शिरत नाही, बहुतेक परत फिरतो. म्हणून पडदा आणि ही हाडं मिळून त्याचा दाब वीसेक पटींनी वाढवतात आणि आतल्या शंखाकृती भागाकडे, म्हणजे कॉक्लियाकडे, सोपवतात. सुमारे अडीच वेढ्यांच्या या द्रवानं भरलेल्या नळीत आवाजाची कंपनं नसेच्या संदेशात बदलणाऱ्या साधारण 15,000 केसपेशी असतात. आवाजाची लाट नळीत कशी धावते आणि कुठल्या पट्टीचा आवाज कुठं उमटतो हे जॉर्ज फॉन बेकेशी यांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना 1961 चं नोबेल मिळालं. वरची पट्टी शंखाच्या तोंडाशी, खालची अगदी टोकाशी.

पडदा आणि हाडांपर्यंतचा बिघाड हा आवाज आत पोचवण्यातला दोष, म्हणजे वहनदोष. तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो. त्याच्या पुढचा, केसपेशींचा किंवा नसेचा बिघाड दुरुस्त होणं कठीण. दोन्हींतला फरक ओळखायची एक युक्ती घरी करून बघता येते. एका कानात बोट घट्ट घाला आणि तोंड मिटून गुणगुणा. आवाज बंद केलेल्या कानात जास्त घुमेल. हाडांतून आत आलेल्या आवाजाला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि बाहेरचा गलबलाही अडतो. डॉक्टर कपाळावर 512 हर्ट्झचा नादकाटा ठेवतात तो याच तत्त्वावर. एका कानानं कमी ऐकणाऱ्याला वहनदोष असेल तर काट्याचा आवाज त्या खराब कानात मोठा येतो. दोष आतला असेल तर चांगल्या कानात. काट्याला वीज लागत नाही, हा कोकणात मोठाच गुण. पुढं ऑडिओमेट्री केली की किती डेसिबल आणि कुठल्या पट्टीत घट आहे, याचा आलेखच हातात येतो.

वहनदोषात सगळ्यात साधं कारण मळ. तो हेअरपिननं, काडेपेटीच्या काडीनं किंवा कापसाच्या बडने काढायला गेलं की आणखी आत ठासला जातो. पण किनारपट्टीवर खरा त्रास बुरशीचा. जून ते सप्टेंबर हवेत ओल, डोक्यावर ओले केस, व्हाळात नाहीतर विहिरीत मारलेल्या उड्या, आणि वर कानात खोबरेल. अॅस्परजिलस आणि कँडिडा जातीच्या बुरशीला उबदार, ओलसर नळी आयतीच मिळते. आधी कानात खाज सुटते, मग दडे बसतात, मग ठणका. आतून बघितलं तर ओल्या टिपकागदासारखा लगदा आणि त्यावर कधी काळे ठिपके. डॉक्टर तो यंत्रानं ओढून साफ करतात आणि बुरशीवरचे थेंब देतात. तेल त्या दिवसापासून बंद. आजीच्या औषधावर माझा एरवी राग नाही, पण कानात गरम लसूणतेल घालण्याचं समर्थन मला करता येत नाही. पडद्याला भोक असेल तर ते सरळ मधल्या कानात उतरतं.

भोक असलेले कान कमी नाहीत. सर्दी नाकामागून कानाकडे जाणाऱ्या नळीतून मधल्या कानात शिरते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असल्यामुळे पू लवकर साचतो आणि पडदा फोडून बाहेर येतो. मुलाला आडवं ठेवून बाटलीनं दूध पाजलं की दूधही त्याच वाटेनं जाऊ शकतं. 'कान फुटला, मोठा झाला की बरा होईल' असं म्हणत वर्षानुवर्षं कान वाहू देणं हे आपल्याकडच्या टाळता येणाऱ्या बहिरेपणाचं मोठं कारण आहे. उपचार मात्र साधा: कान कोरडा राखायचा, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, डॉक्टरनं दिलेले थेंब, आणि कान सुकल्यावर टिंपॅनोप्लास्टी. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून पडद्याला ठिगळ लावतात. स्राव थोडा पण घाण वासाचा असेल तर थांबायचं नाही. आत कोलेस्टिॲटोमा, म्हणजे मधल्या कानात वाढत जाणारी कातडीची गाठ, असू शकतो. तो हाड कुरतडतो, चेहऱ्याची नस निकामी करू शकतो, मेंदूपर्यंत पोचू शकतो. त्यावर ऑपरेशन हाच इलाज. मुलं कान न वाहताही मधल्या कानात चिकट द्रव साचून कमी ऐकतात. वर्गात लक्ष नाही म्हणून गुरुजींचा मार खाणाऱ्यांत अशी मुलं असतात.

तारकर्ली-मालवणला हल्ली स्कुबासाठी गर्दी असते. पाण्यात 10 मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. नाक दाबून हलकी फुंकर मारत पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करावा लागतो. सर्दीनं नाकामागून कानाकडे जाणारी नळी बंद असेल तर पडदा फाटू शकतो. जोर लावून फुंकलं तर आतल्या कानालाही इजा होते. पैसे भरलेत म्हणून चोंदलेल्या नाकानं बुडी मारू नये.

तरुण वयात, घरात आधी कुणाला झालेलं असताना, हळूहळू ऐकू कमी यायला लागलं तर ओटोस्क्लेरोसिसची शंका घेतात. यात रिकिबीचं हाड घट्ट बसतं, हलत नाही. 1956 मध्ये जॉन शे यांनी ते काढून कृत्रिम रिकीब बसवली, आणि हे ऑपरेशन आता नेहमीचं झालंय.

आता आतला कान. केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडी आणि लावा या पक्ष्यांत उगवतात, हे 1988 मध्ये सिद्ध झालं आणि तेव्हापासून शास्त्रज्ञ त्याच्या मागं आहेत. पक्ष्यांना जमतं ते सस्तन प्राण्यांनी का सोडलं, याचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही.

गोंगाटाचा हिशेब ठरलेला आहे. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. मोजायला यंत्र नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागतंय का ते बघायचं. लागत असेल तर मर्यादा ओलांडलेली आहे. या कसोटीवर ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाजवळची जागा, चिरेखाणीतलं जांभा कापायचं मशीन, रात्रभर चालणारा बर्फाचा कारखाना, सगळे नापास. इंजिनाजवळ वर्षं काढलेल्या खलाशाच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या आसपास बहुधा एक खाच दिसते. गोंगाटानं गेलेल्या कानाची ती खूणच.

गणपतीत ताशा किंवा डीजेसमोर तासभर उभं राहिल्यावर कान सुन्न होतात, शिटी वाजते आणि सकाळपर्यंत बरं वाटतं. वाऱ्यानं लोळलेलं भात दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहावं तशा केसपेशी सावरतात. पण रोज वारा आला तर भात कुजतं. खाणीत काम करणाऱ्याला इअरप्लग परवडतात, चांगले इअरमफही फार महाग नाहीत. मालक ते देत नाहीत आणि मजूर मागत नाहीत.

औषधांनीही केसपेशी मरतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अॅमिकासिन ही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन यात येतं. काही घराण्यांत आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे अशा इंजेक्शनाच्या साध्या डोसनंही कान जाऊ शकतो. आईच्या माहेरी कुणाचा इंजेक्शनानंतर कान गेला असेल तर डॉक्टरला ते सांगावं.

एक प्रसंग मात्र तातडीचा. सकाळी उठल्यावर एका कानानं अचानक ऐकू येत नाही, कानात आवाज येतो, कधी चक्कर. 'सर्दीनं कान बसला' म्हणून लोक आठ-पंधरा दिवस वाफ घेत बसतात. कॉक्लियाचा झटका असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त, पुढं घटत जातो. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठावा. सिंधुदुर्गातले लोक गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. आता ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

बाळाची गोष्ट वेगळी, कारण तिथं भाषाच पणाला लागते. जन्मतः बहिरेपणा हजारात एक ते तीन बाळांत असतो. निम्म्याहून जास्त वेळा कारण जनुकीय असतं, आणि नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. बाकीच्यांत गरोदरपणातला रुबेला किंवा सीएमव्ही या विषाणूंचा संसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जोराची कावीळ, मेंदूज्वर. टाळी वाजवून बघणं भरवशाचं नाही. बाळ हालचाल बघून किंवा हवेच्या झोतानंही दचकतं. ओएई ही चाचणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं बोंडूक ठेवून मिनिटभरात होते. निरोगी केसपेशी स्वतःच बारीक आवाज काढतात आणि तो मायक्रोफोन टिपतो. हा आवाज डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये शोधला. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं जगभर सांगतात.

केसपेशी फारच थोड्या उरल्या असतील तर श्रवणयंत्राला वाढवून द्यायला काही उरत नाही. तिथं कॉक्लियर इम्प्लांट. ते आवाज मोठा करत नाही. शंखात सरकवलेले इलेक्ट्रोड केसपेशींना वगळून सरळ नसेला चेतवतात. ऑपरेशनपेक्षा पुढचं वर्ष-दोन वर्षांचं वाचाप्रशिक्षण अवघड, आणि देवगड-राजापुराकडच्या आईला दर वेळी शहर गाठावं लागतं, ही खरी अडचण. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. वांद्र्याची 1983 मधली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचं काम बघते. मूल मोठं झालं, भाषा शिकायचं वय गेलं, तर इम्प्लांटचा फायदा फार कमी. अशा मुलाला सांकेतिक भाषा द्यायलाच हवी. ती कमअस्सल नाही, तिला स्वतःचं व्याकरण आहे. चीनमध्ये ओटोफर्लिन या एका जनुकाचा दोष असलेल्या सहा मुलांवर जनुकोपचार झाला आणि पाच जणांना ऐकू येऊ लागलं, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. पण हा दोष जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी थोड्यांतच असतो.

आणि म्हाताऱ्यांचं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र. शंखातल्या बाहेरच्या रांगांतल्या, हळू आवाजाला बळ देणाऱ्या केसपेशी गेल्या की हळू आवाज येत नाही, पण मोठा आवाज आधीइतकाच टोचतो. म्हणून आजोबा आधी "काय? काय?" करतात आणि आवाज चढवला की "ओरडतोस कशाला" म्हणतात. दोन्ही खरं. चांगलं मशीन सगळं सारखं वाढवत नाही. आलेखात जिथं घट आहे तिथंच वाढवतं आणि मोठ्या आवाजाला आवर घालतं. म्हणून ते ऑडिओलॉजिस्टकडून बसवून घ्यावं. जत्रेत किंवा ऑनलाइन मिळणारं आवाज मोठा करणारं यंत्र म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. पहिले काही आठवडे भांड्यांचा आणि कागदाचा आवाज असह्य वाटतो, कारण मेंदूची त्याची सवय सुटलेली असते. आधी घरात तास-दोन तास, मग अंगणात, मग बाजारात असं वाढवत न्यावं. इथंच बहुतेक मशीन कपाटात जातात.

कोकणात मशीनचा दुसरा शत्रू दमट हवा. रात्री बॅटरी काढून, तिच्या कप्प्याचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या बंद डबीत ठेवावं. दाणे निळ्याचे गुलाबी किंवा केशरी रंगाचे हिरवे झाले की बदलावे. मशीन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणारेही आहेत. त्यानं ओल फारशी जात नाही आणि पीठ मात्र मशीनच्या भोकांत शिरतं. झिंकच्या बॅटरीवरचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती आत घालावी, तिला हवा लागते.