कॅच कॅन: रेसच्या ट्रॅकवरून ट्रकच्या बॉनेटखाली

पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत ट्रक-पिकअपवाले हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या पाइपात बाहेरून ऑइल कॅच कॅन, म्हणजे त्या गॅसमधलं ऑइल धरणारा डबा बसवावा का? दुकानदार हो म्हणतो, कंपनीचा सर्व्हिसवाला नाही म्हणतो आणि मालक मध्ये अडकतो. हा डबा मुळात कोणत्या कामासाठी बनला, ते कळलं की हा गुंता बराच सुटतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, ज्वलनातला थोडा गॅस त्यांना चुकवून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल असलेल्या इंजिनाच्या तळाच्या भागात उतरतोच. तोच ब्लो-बाय. त्याला वाट दिली नाही तर आत दाब वाढतो आणि ऑइल सील गळू लागतात. जुन्या गाड्यांमध्ये ही वाट म्हणजे खाली रस्त्याकडे उघडा सोडलेला एक पाइप असे. त्यातून गॅस, वाफ आणि ऑइलचे बारीक थेंब सरळ हवेत जात. उभ्या ट्रकखाली पडणारा काळा डाग बऱ्याचदा याच पाइपाचा असे.

हे बदललं ते लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की, गाड्यांतून सुटणाऱ्या हायड्रोकार्बनवर ऊन पडून हे धुरकं तयार होतं. त्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर ब्रीदरमधून येत होता. म्हणून कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून कारमध्ये हा गॅस व्हॉल्व्हमार्गे परत इंजिनात ओढून जाळायची सोय आली आणि १९६३ पासून ती अमेरिकेतल्या बाकीच्या कारमध्येही पोचली. हवा सुधारली, पण ऑइलची वाफ आता इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत जाऊ लागली. आजचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

कॅच कॅन मात्र या कामासाठी जन्मला नाही. तो रेसच्या गाड्यांचा. वळणावर ब्रीदरमधून उडालेलं ऑइल ट्रॅकवर सांडलं तर मागच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या जिवावर बेततं. म्हणून उघडा ब्रीदर असलेल्या गाडीला ऑइल धरणारी टाकी हवीच, असा आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्टचा नियम झाला. २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर, त्यावर ३ लिटर. व्हॉल्व्ह स्वच्छ राखणं हा त्यामागचा हेतू नव्हता.

तो हेतू नंतर चिकटला, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी इंजिनं आल्यावर. आधी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर फवारलं जाई आणि व्हॉल्व्ह आपोआप धुतला जाई. थेट इंजेक्शनमध्ये ते धुणं थांबलं, ऑइलची वाफ व्हॉल्व्हवर भाजून तिचा कार्बन साचू लागला. अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांनी कॅच कॅन उचलून धरला तो यासाठी. फोर्डने एफ-१५० मध्ये २०११ साली दिलेलं ३.५ लिटरचं इकोबूस्ट इंजिन अशा थेट इंजेक्शनचंच होतं. २०१७ च्या पिढीत मात्र कंपनीने व्हॉल्व्हवर फवारणारं जुनं पोर्ट इंजेक्शन पुन्हा जोडीला दिलं. म्हणजे कारखान्याने त्या दुखण्यावर इलाज केला, तो डब्याने नव्हे.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला या पेट्रोल पिकअपबद्दल आहे आणि आपल्याकडे ट्रक-पिकअप मुख्यतः डिझेलवर चालतात. हा फरक सोडून चर्चा केली तर ती भरकटते. डिझेलचा इनटेक व्हॉल्व्ह इंधनाने कधीच धुतला जात नव्हता. खरी अडचण आली ती ईजीआरमुळे, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडायच्या सोयीमुळे. सायलेन्सरकडे निघालेला काजळीचा धूर परत इनटेकमध्ये येतो, ब्रीदरच्या ऑइलला चिकटतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत काळा, घट्ट थर बसतो. कॅच कॅन यातलं ऑइल कमी करतो. काजळी येतच राहते.

टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या डिझेलला तर कायद्यानेही बराच काळ सूट दिली होती. ऑइलने टर्बो आणि ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर खराब होतील, म्हणून अमेरिकेत मोठ्या ट्रकचे ब्रीदर उघडे ठेवू दिले जात. २००७ च्या नियमांनी ती सूट संपवली. ब्रीदर बंद करा, नाहीतर त्यातून जे सुटतं ते सायलेन्सरच्या हिशेबात धरा. युरोपच्या धुराच्या निकषांचा, युरो ६ चा दंडकही असाच आणि आपला बीएस ६ (भारत स्टेज ६) त्यावरच बेतलेला. पुण्यात बीएस ४ एप्रिल २०१० मध्येच आला, देशभर २०१७ मध्ये, आणि एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस ६. गाड्या या कसोट्यांवर उतरतात की नाही, हे तपासणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे.

या नियमांमुळे ऑइल वेगळं करायचं यंत्र इंजिनाचाच भाग झालं. काही मोठ्या ट्रकमध्ये तर वेगाने फिरणारा सेंट्रिफ्यूज असतो. गुस्ताफ द लावल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय काढायला बनवलेल्या यंत्राचं तत्त्व त्यात आहे. त्यांच्या नावाच्या अल्फा लावल कंपनीचा कारखाना आपल्या दापोडीत आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून बीएस ६ च्या मोठ्या ट्रकला बाहेरून डबा लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइलचे थेंब एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असू शकतात. आत जाळी नसलेल्या स्वस्त डब्यातून ते सरळ निघून जातात. जाळी असेल तर ती वेळेवर बदलावी लागते. तुंबली की चेंबरचा दाब वाढतो, टर्बोचं ऑइल खाली उतरेनासं होतं आणि टर्बोच गळू लागतो. वॉरंटीचा वाद पुढे आहेच.

वॉरंटी संपलेल्या, ईजीआर असलेल्या डिझेल पिकअपला मात्र फिल्टरचा, दोन्ही बाजूंनी बंद जोडलेला चांगला डबा उपयोगी पडतो. विशेषतः खंबाटकी किंवा वरंध घाटात भरल्या लोडने रोज चढणाऱ्याला. तो नियमित रिकामा करायला हवा. शहरातल्या लहान फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी होतं आणि डब्यात ताकासारखं पांढुरकं मिश्रण जमतं. ते घाबरण्यासारखं नाही. डब्याचं तोंड हवेत उघडं सोडणं मात्र चूकच. साठ वर्षांपूर्वी जो पाइप बंद केला, तोच आपण पुन्हा पुण्याच्या हवेत उघडतो.

आणि डबा आठवड्यात भरू लागला, ऑइलचं झाकण उघडल्यावर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारू लागलं, म्हणजे तिथून गॅस जोराने बाहेर येऊ लागला, तर रिंगा आणि लायनर तपासून घ्यावेत. तिथे खर्च डब्यावर नव्हे, ओव्हरहॉलवर करायचा.