टीएसएच 6 आलं, पण कुणाचं?

जन्मल्यावर अर्ध्या तासात बाळाच्या रक्तातलं टीएसएच, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, लिटरमागे 60 ते 80 मिलियुनिटपर्यंत उसळतं. पोटातल्या उबेतून एकदम बाहेर आल्यावर लागणाऱ्या थंडीचा त्यात मोठा वाटा. दोन-तीन दिवसांत ते झरझर उतरतं, म्हणून नवजात बाळाची थायरॉइड तपासणी साधारण 48 तासांनंतर करतात. हाच 60 चा आकडा सदाशिव पेठेतल्या चाळिशीच्या काकूंच्या रिपोर्टवर दिसला, तर डॉक्टर लगेच गोळी सुरू करतील.

मग रिपोर्टच्या कडेला छापलेली ‘0.4 ते 4.5’ ही पट्टी येते कुठून? निरोगी माणसं जमवायची, प्रत्येक गटात निदान 120. रक्त तपासून आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि दोन्ही टोकांची अडीच-अडीच टक्के माणसं सोडून द्यायची. मधली 95 टक्के म्हणजे पट्टी. बाहेर राहिलेले पाच टक्केही निरोगीच होते, हे मात्र रिपोर्टवर कुठे लिहिलेलं नसतं. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता 64 टक्के निघते. नुसतं गणित आहे हे; पण त्यापायी रात्रीची झोप उडते.

अवघड काम निरोगी माणसं निवडण्याचं. थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात असूनही काहीच त्रास नसलेले लोक खूप असतात. त्यांना गटात घेतलं की वरची मर्यादा फुगते. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात अशांना, गलगंड असलेल्यांना आणि औषधं घेणाऱ्यांना वगळलं. उरलेल्या 13 हजारांहून जास्त लोकांची वरची मर्यादा निघाली 4.12. त्याच सर्वेक्षणातल्या ऐंशीच्या पुढच्या निरोगी माणसांची वेगळी काढली, तर ती 7.5 च्या आसपास गेली. म्हणजे 82 वर्षांच्या आजोबांचं टीएसएच 6 आलं, तर ते त्यांच्या वयाला शोभेसंच आहे. तरीही बहुतेक रिपोर्टांवर नातवाला आणि आजोबांना एकच पट्टी लावलेली दिसते. मला हा निव्वळ आळस वाटतो.

मुलांच्या बाबतीत वयही पुरत नाही. तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाचा आवाज फुटलेला असतो, दुसऱ्याला अजून मिसरूडही नसतं. दोघांच्या टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची, तुलना करण्यात अर्थ नाही. म्हणून वयाच्या जोडीने पौगंडावस्थेच्या टप्प्यांप्रमाणेही तक्ते करतात. बायकांच्या इस्ट्रॅडिऑल या स्त्री-संप्रेरकासाठी पाळीचा कितवा दिवस आहे ते आधी विचारावं लागतं, आणि पाळी गेल्यावर सगळी पट्टीच बदलते.

आपल्या मुलांची वाढ आपल्याच मुलांशी ताडून पाहावी, यासाठी पुण्याच्या वामन आणि अनुराधा खाडिलकर यांनी मोठं काम केलं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे 5 ते 18 वर्षांचे उंची-वजनाचे तक्ते 2015 मध्ये आले. संप्रेरकांचं असं काम कितीतरी किचकट. उंची भिंतीला उभं करून मोजता येते. इथे धडधाकट मुलाला सुई टोचायची, तीही शक्यतो सकाळी, कारण टेस्टोस्टेरॉन तेव्हा सर्वांत जास्त असतं. कुठली आई पटकन हो म्हणेल?

डेन्मार्कमध्ये 16 निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं. प्रत्येकाची थायरॉइड संप्रेरकं ज्या पल्ल्यात हलत होती, तो गटाच्या पल्ल्याच्या जेमतेम निम्मा होता. म्हणजे पट्टीच्या आत राहूनही माणूस स्वतःच्या नेहमीच्या पातळीपासून बराच सरकलेला असू शकतो. म्हणून जुने रिपोर्ट फाइलीत जपावेत आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला करावी. यंत्र आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो.

आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या थांबवायला हव्यात. काही पद्धतींमध्ये त्यांच्यामुळे टीएसएच खोटंच कमी आणि टी-4 हे थायरॉइडचं संप्रेरक खोटंच जास्त दिसतं.