नर्सचं रजिस्ट्रेशन राज्याच्या सीमेवर का अडतं?

माझ्या मावशीकडे एक निळी प्लास्टिकची फाइल आहे. उघडली की सगळ्यात वर तिचं नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट दिसतं. कडा पिवळ्या पडल्यात, कोपऱ्यात दोन वेण्या घातलेल्या मुलीचा कृष्णधवल फोटो आणि अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर उमटलेला गोल शिक्का. नाव माहेरचं. त्याखाली दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलचं (नर्सची नोंद ठेवणाऱ्या मंडळाचं) सर्टिफिकेट, त्यावर सासरचं नाव. दोन्ही कागदांवर तीच बाई, तीच जीएनएमची, म्हणजे नर्सिंग आणि बाळंतपणाच्या कामाच्या पदविकेची, परीक्षा. लग्नानंतर ती शेजारच्या राज्यात गेली आणि हा दुसरा कागद हातात पडायला अकरा महिने लागले. तेवढे महिने तिने एका खासगी दवाखान्यात आयाबाईंपेक्षा जेमतेम जास्त पगारावर काम केलं. सलाइन तीच लावायची, रात्री बाळंतपणाला उभी तीच राहायची, पण चार्टवर सही दुसऱ्या सिस्टरची, कारण त्या राज्याच्या नोंदवहीत मावशीचं नाव नव्हतं.

ही गोष्ट जुनी असली तरी प्रश्न जुना झालेला नाही. आजही नाशिकची बीएस्सी नर्सिंग झालेली मुलगी हैदराबादला किंवा इंदूरला नोकरीला निघाली की तिला ‘रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन’ हा शब्द ऐकावा लागतो, म्हणजे एका राज्यातल्या नोंदीच्या आधारावर दुसऱ्या राज्यात नवी नोंद. शिक्षण देशभर चालतं, मग काम करायची परवानगी राज्यापुरती का? याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

नर्सची सरकारी नोंद असावी का, यावरच आधी इंग्लंडमध्ये तीस वर्षं भांडण चाललं. एथेल गॉर्डन फेनविक यांच्या पुढाकाराने १८८७ साली ब्रिटिश नर्सेस असोसिएशन उभी राहिली आणि तिने नोंदणीची मागणी लावून धरली. विरोधात होत्या खुद्द फ्लोरेन्स नाइटिंगेल. चांगल्या नर्सचा स्वभाव परीक्षेत आणि यादीत मोजता येत नाही, असं त्यांचं मत होतं. हा वाद मिटायच्या आत न्यूझीलंडने १९०१ साली नर्सच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला आणि पुढच्या जानेवारीत एलेन डॉघर्टी तिथल्या पहिल्या नोंदणीकृत नर्स झाल्या. इंग्लंडचा कायदा यायला १९१९ उजाडलं. त्या नोंदवहीत पहिला क्रमांक फेनविक यांचा आहे.

आपल्याकडे नर्सिंगचं शिक्षण कायद्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ या वर्षापुढे बाई काशीबाई गणपत हे नाव येतं, मुंबईत प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून. त्या काळात घराबाहेर पडून परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावणं म्हणजे काय होतं, हे आपल्याला नुसतं कल्पून कळणार नाही. तिच्याबद्दल याहून जास्त कुठे वाचायला मिळत नाही, याची मला फार खंत वाटते.

त्या वेळी एका हॉस्पिटलचं सर्टिफिकेट दुसऱ्या हॉस्पिटलात चालेलच असं नव्हतं. प्रत्येक ठिकाणचा अभ्यासक्रम वेगळा, मुदत वेगळी. १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन स्थापन झाली. मिशन हॉस्पिटलांनी उत्तरेत आणि दक्षिणेत आपापली परीक्षा मंडळं काढली. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९०८ पासून होतीच. पण या सगळ्या संस्था स्वेच्छेच्या होत्या. कोणी अप्रशिक्षित बाईला नर्स म्हणून उभं केलं तर तिला रोखायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

तो अधिकार आला तो प्रांतांकडून, आणि आजच्या अडचणीचं मूळ नेमकं इथे आहे. १९१९ च्या भारत सरकार कायद्याने दुहेरी राज्यपद्धती आणली आणि वैद्यकीय सेवा व सार्वजनिक आरोग्य हे विषय प्रांतांच्या मंत्र्यांकडे सोपवले. त्यामुळे नर्सच्या नोंदणीचा कायदा दिल्लीत झाला नाही, प्रांताप्रांतांत झाला. मद्रासचा १९२६ साली, मुंबई इलाख्याचा १९३५ साली. प्रत्येकाची नोंदवही वेगळी, क्रमांक वेगळे, फी वेगळी. मुंबई इलाख्यातली नर्स मद्रासच्या दृष्टीने परकी होती.

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा चित्र किती भीषण होतं, ते एका आकड्यात दिसतं. देशभरात सुमारे ७,००० नर्स. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्याच अहवालात डॉक्टरांचं प्रमाण सुमारे ६,३०० माणसांमागे एक असं होतं. इतक्या थोड्या नर्स, त्याही प्रांतांच्या कप्प्यांत वाटलेल्या. अशा वेळी देशभर एकसारखं शिक्षण हवं ही गरज सगळ्यांना पटली आणि ३१ डिसेंबर १९४७ रोजी इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा झाला. कौन्सिल प्रत्यक्षात १९४९ मध्ये आली.

हा कायदा अवघ्या काही कलमांचा आहे, आणि कोणत्याही नर्सने त्याचं अकरावं कलम एकदा तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यात म्हटलंय की मान्यताप्राप्त पात्रता ही कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालायला पुरेशी समजली जाईल. वाचताना वाटतं, प्रश्न सुटला. पण नीट पाहा. पात्रता पुरेशी आहे, नोंद आपोआप होत नाही. नोंदवही राज्याचीच राहिली. दुसऱ्या राज्याने तुमची पदवी नाकारायची नाही, पण अर्ज तुम्हीच करायचा, फी तुम्हीच भरायची, थांबायचंही तुम्हीच.

डॉक्टरांच्या १९५६ च्या कायद्यात वेगळं कलम होतं. भारतीय वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरला देशात कुठेही व्यवसाय करायचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत दिला होता. (राज्य बदललेल्या डॉक्टरांनाही प्रत्यक्षात नव्या कौन्सिलचे उंबरठे झिजवावे लागले, हेही खरं.) नर्सिंगच्या कायद्यात १९५७ साली दुरुस्ती होऊन ‘इंडियन नर्सेस रजिस्टर’ आलं. राज्यांनी आपल्या नोंदवह्यांच्या छापील प्रती दिल्लीला पाठवायच्या आणि तिथे एकत्र यादी ठेवायची. मात्र त्या यादीत नाव आलं म्हणून देशात कुठेही काम करता येईल, असं वाक्य कायद्यात घातलं गेलं नाही. ते एक वाक्य असतं तर मावशीचे अकरा महिने वाचले असते.

घटनेनेही ही विभागणी तशीच चालू ठेवली. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, आणि वैद्यकीय व इतर व्यवसाय समवर्ती सूचीत. म्हणजे केंद्रालाही कायदा करता येतो, राज्यालाही. पुढे भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा तर नोंदवह्यांच्या हद्दीही हलल्या. आपला महाराष्ट्र पाहा. विदर्भ मध्य प्रांताकडून आला, मराठवाडा निजामाच्या हैदराबादेतून, बाकीचा भाग मुंबई राज्यातला. एका राज्यातल्या नर्स वेगवेगळ्या राजवटींच्या व्यवस्थेतून आलेल्या. त्यांना एका छत्राखाली आणायला महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ साली झाला आणि त्यातून आजची महाराष्ट्र परिचर्या परिषद चालते.

दरम्यान, नर्सचं स्थलांतर वाढतच गेलं. मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलांत केरळच्या सिस्टर दिसत नाहीत असा वॉर्ड सापडणं अवघड. आपल्याकडच्या मुली सीमेपलीकडे लग्न होऊन जातात, नवऱ्याच्या बदलीमागे जातात, जास्त पगारासाठी बंगळूरला जातात. या पेशात बहुसंख्य बायका आहेत आणि आपल्या समाजात घर बदलतं ते बहुतेक वेळा बाईचं. म्हणून राज्यापुरत्या रजिस्ट्रेशनचा भार कोणावर पडतो, हे वेगळं सांगायला नको.

रेसिप्रोकल रजिस्ट्रेशनची पद्धत अशी. आधी मूळ कौन्सिलकडे व्हेरिफिकेशनसाठी किंवा एनओसीसाठी अर्ज करायचा. मूळ रजिस्ट्रेशन चालू हवं. रिन्यूअल राहिलं असेल तर आधी ते. मग ती कौन्सिल आपल्या दप्तरात क्रमांक शोधते, परीक्षा तपासते, शिस्तभंगाची कारवाई झाली नाही ना ते पाहते, आणि तसं पत्र थेट दुसऱ्या कौन्सिलला पाठवते. अर्जदाराच्या हातात ते सहसा देत नाहीत, खाडाखोड होऊ नये म्हणून. दुसरी कौन्सिल पत्र मिळाल्यावर शिक्षणसंस्थेची मान्यता पाहते आणि नवा क्रमांक देते. यातली प्रत्येक पायरी रुग्णाच्या हिताचीच आहे, हे मी मान्य करते. बनावट सर्टिफिकेटं निघतात, तपासणी हवीच. पण जुनी रजिस्टरं हाताने लिहिलेली, टपाल हरवायचं, आणि लग्नानंतर नाव बदललं की दोन नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला आणखी कागद लागायचे. मावशीचं पत्र एकदा गहाळ झालं होतं. दुसऱ्यांदा फी भरून, डिमांड ड्राफ्ट काढून, पुन्हा पहिल्यापासून.

केंद्राच्या नोकरीत हा अडसर बराच कमी आहे. एम्ससारख्या संस्थांच्या जाहिरातीत कोणत्याही राज्याच्या किंवा भारतीय नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालतं असं लिहिलेलं असतं. म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या हॉस्पिटलात जी नर्स थेट रुजू होऊ शकते, तिलाच शेजारच्या जिल्ह्यातल्या, पण दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यात नवा क्रमांक घ्यावा लागतो.

अमेरिकेत हाच पेच आपल्याआधी पडला होता. तिथे नॉर्थ कॅरोलिनाने १९०३ साली पहिला कायदा केला आणि मग एकेका राज्याने आपापला. त्यांनी आधी परीक्षा एक केली. १९४४ पासून सामाईक प्रश्नपत्रिका सुरू झाली, १९५० पर्यंत सगळ्या राज्यांनी ती घेतली. तीच पुढे १९८२ मध्ये एनक्लेक्स झाली, जी आज आपल्याकडच्या मुलीही देतात. परीक्षा एक झाली तरी लायसन्स राज्याचंच होतं. दुसऱ्या राज्यात जायचं तर ‘एंडॉर्समेंट’ घ्यायचं, म्हणजे आपल्या रेसिप्रोकलचाच प्रकार. १९९० च्या दशकात फोनवरून सल्ला देणाऱ्या नर्स वाढल्या. नर्स एका राज्यात बसलेली, रुग्ण दुसऱ्या राज्यात. तेव्हा राज्यांनी आपसात करार केला. १ जानेवारी २००० रोजी मेरीलँड, टेक्सस, युटा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांत तो सुरू झाला. नर्स जिथे राहते त्या राज्याचं एक लायसन्स करारातल्या सगळ्या राज्यांत चालतं. आज ४० हून अधिक राज्यं आणि प्रदेश त्यात आहेत, मात्र कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क अजून बाहेर आहेत. आपल्याकडे राज्यांनी आपसात असा करार कधी केला नाही. आपली सगळी भिस्त दिल्लीतल्या कौन्सिलवर राहिली.

ती भिस्त किती नाजूक होती, हे २०१७ मध्ये दिसलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांना इंडियन नर्सिंग कौन्सिलची वेगळी मान्यता लागत नाही, असा निकाल दिला. कर्नाटकातल्या कॉलेजांत केरळची मुलं-मुली मोठ्या संख्येने शिकत होती. कर्ज काढून शिकणाऱ्या या मुलांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. दिल्लीच्या यादीत कॉलेजचं नाव नसेल तर आपल्या राज्यात आणि परदेशात आपली पदवी चालेल का? कायद्याच्या अर्थावरचा वाद, पण पोटात गोळा आला तो विद्यार्थ्यांच्या.

नोंदवहीतला दुसरा दोष मोजणीचा होता. दोन राज्यांत नाव असलेली नर्स दोनदा मोजली जायची. वारलेल्या, परदेशी गेलेल्या, काम सोडलेल्या नर्सची नावं तशीच राहायची. कागदावर ३० लाखांहून अधिक नोंदी आणि प्रत्यक्ष वॉर्डात किती, ते कोणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं. त्यावर उपाय म्हणून कौन्सिलने एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेच्या मदतीने आधारशी जोडलेली ऑनलाइन नोंदणी उभी केली. प्रत्येक नर्सला देशपातळीवरचा एक क्रमांक, ज्याला सगळे एनयूआयडी म्हणतात. राज्य बदललं तरी हा क्रमांक बदलत नाही. माझ्या मते १९४७ नंतर या बाबतीत पडलेलं हे सगळ्यात उपयोगी पाऊल आहे, कारण एका कौन्सिलला दुसरीची नोंद पडद्यावर पाहता आली तर पत्र टपालात हरवायचा प्रश्नच येत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. त्यात १९४७ चा कायदा रद्द करण्याची, २९ सदस्यांचा आयोग नेमण्याची आणि त्याच्या हाताखाली तीन मंडळं ठेवण्याची तरतूद आहे. नोंदणी आणि नीतिमत्ता पाहणाऱ्या मंडळाने ऑनलाइन, सतत अद्ययावत राहणारं राष्ट्रीय रजिस्टर ठेवायचं आहे. राज्यांनीही आपापले आयोग नेमायचे आहेत आणि राज्यांची रजिस्टरं या कायद्यातही कायम आहेत.

मावशीची सून बीएस्सी नर्सिंग आहे. नवऱ्याची बदली परराज्यात झाल्याचं कळलं तेव्हा तिने राजीनामा दिला नाही. आधी रिन्यूअल केलं, आधार आणि सर्टिफिकेटवरचं नाव जुळवून घेतलं, व्हेरिफिकेशनचा अर्ज टाकला आणि पोचपावतीचा क्रमांक मावशीच्या त्याच निळ्या फाइलच्या आतल्या कव्हरवर पेनाने लिहून ठेवला. नवं रजिस्ट्रेशन सव्वा महिन्यात आलं. सामान बांधायला तिने त्यानंतर घेतलं.